मिनी बजेट आणि घराचा हप्ता : ब्रिटन, २०२२

## पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये घरकर्ज पंचवीस-तीस वर्षांचं असलं तरी व्याजदर पक्का होतो तो बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरता. ती मुदत संपली की नवा दर शोधायचा आणि त्या वेळी बाजारात जो असेल तो घ्यायचा. अमेरिकेत तीस वर्षांचा दर एकदाच ठरवून मोकळं होता येतं. त्यामुळे तिथे दर चढले तर नवा खरेदीदार अडतो, जुना कर्जदार निवांत असतो. ब्रिटनमध्ये दर महिन्याला हजारो जुन्या कर्जदारांची पक्की मुदत संपत असते. इंग्लंडमधली साधारण तीस टक्के कुटुंबं कर्ज फेडत असलेल्या घरांत राहतात. निवडणूक जिंकायची तर हा वर्ग दुखावून चालत नाही, हे तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांना पक्कं ठाऊक आहे.

हा दर बँका मनाला येईल तसा ठरवत नाहीत. सरकार दोन, पाच, दहा वर्षांसाठी किती टक्क्यांनी पैसे उचलतं आणि पुढे व्याजदर कुठे जातील असं बाजाराला वाटतं, त्यावर बँकेला निधी किती महाग पडेल हे ठरतं. घरकर्जाचा दर त्याच्या मागोमाग जातो. म्हणजे सरकारी रोख्यांचा, तिथल्या भाषेत गिल्टचा, परतावा वर गेला की काही दिवसांत घरकर्ज महागतं. गिल्टची किंमत पडली की परतावा चढतो, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला पुरेसं आहे.

६ सप्टेंबर २०२२ला हुजूर पक्षाच्या लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या. दोनच दिवसांनी त्यांनी विजेच्या आणि गॅसच्या बिलांवर मर्यादा जाहीर केली : सर्वसाधारण घराचं वार्षिक बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील आणि वरचा भार सरकार उचलेल. घरं आणि उद्योग मिळून पहिल्या सहा महिन्यांचाच अंदाज ६० अब्ज पौंडांचा होता. त्याच दिवशी अर्थखात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना पदावरून हटवण्यात आलं. महागाई दहा टक्क्यांच्या घरात होती. २२ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंड या मध्यवर्ती बँकेने मूळ दर अर्ध्या टक्क्याने वाढवून २.२५ टक्के केला आणि स्वतःकडच्या गिल्टचा साठा वर्षभरात ८० अब्ज पौंडांनी कमी करायचं ठरवलं. बाजारात रोख्यांचा पुरवठा वाढणार हे त्या दिवशीच स्पष्ट झालं होतं.

या प्रकरणात एक जोडपंही आहे. नाव-गाव गाळलं आहे. लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेने रोज ये-जा करता येईल अशा गावात राहणारं, दोघंही नोकरदार. उरलेलं कर्ज २,४०,००० पौंड, उरलेली मुदत २५ वर्षं, दर २ टक्के, हप्ता सुमारे १,०१७ पौंड. दोन वर्षांचा हा दर जानेवारी २०२३ अखेर संपणार होता.

## अडचण कशी उभी राहिली

२३ सप्टेंबरला, शुक्रवारी, अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. कंपनी कर १९ वरून २५ टक्क्यांवर जाणार होता, तो १९ वरच ठेवला. राष्ट्रीय विम्याची, म्हणजे पगारातून सरकार कापून घेतं त्या वर्गणीची, वाढ रद्द केली. प्राप्तिकराचा मूळ दर १९ टक्के आणि सर्वांत वरचा ४५ टक्क्यांचा टप्पा बंद. घरांसाठी एकच मोठी गोष्ट होती : इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये मुद्रांक शुल्काची माफी १,२५,००० पौंडांवरून २,५०,००० पौंडांपर्यंत, तर पहिलं घर घेणाऱ्यांसाठी ३,००,००० वरून ४,२५,००० पर्यंत.

याचे पैसे कुठून येणार, याचं उत्तर एकच होतं : कर्ज. त्या आर्थिक वर्षाची सरकारी उसनवारी ७२ अब्ज पौंडांनी वाढवल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. अशा घोषणेसोबत ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ओबीआर, ही स्वतंत्र संस्था आपले अंदाज मांडते. या वेळी ते मागवलेच गेले नाहीत. ओबीआरने मसुदा देऊ केला होता. सरकारने आपल्या घोषणेला 'मिनी बजेट' न म्हणता 'विकास योजना' म्हटलं, म्हणून तांत्रिकदृष्ट्या गरज नव्हती, हा युक्तिवाद खरा होता आणि निरुपयोगीही. रोखे घेणाऱ्याला कागदाचं नाव नको असतं, आकडे हवे असतात.

रविवारी क्वार्टेंग यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की आणखी करकपात येणार आहे. सोमवारी पहाटे आशियाई बाजारात पौंड १.०३ डॉलरच्या आसपास आला, इतिहासातला नीचांक. गिल्टची विक्री सुरूच होती.

इथे एक जागा होती जिच्याकडे मंत्र्यांचं लक्ष नव्हतं, आणि पर्यवेक्षकांचंही पुरेसं नव्हतं. ठरावीक निवृत्तिवेतनाचं वचन दिलेले पेन्शन फंड. त्यांना पुढची तीस-चाळीस वर्षं पैसे द्यायचे असतात. व्याजदर पडले की त्या देण्यांचं आजचं मूल्य फुगतं, म्हणून फंड दीर्घ मुदतीच्या गिल्टमध्ये गुंतवणूक करतात, आणि बऱ्याच फंडांनी ती उसन्या पैशावर केली होती. या पद्धतीला एलडीआय म्हणतात. गिल्टची किंमत पडली की कर्ज देणारा म्हणतो, तारण वाढवा. रोकड नसेल तर गिल्टच विकावे लागतात. सगळे एकदम विकू लागले की किंमत आणखी पडते आणि तारणाची पुढची मागणी येते. गंमत अशी की दर वाढल्यामुळे या फंडांची मूळ परिस्थिती सुधारत होती. भविष्यातली देणी हलकी होत होती. अडचण होती ती फक्त त्या आठवड्यातल्या रोकडीची. लहान फंड सामायिक योजनांमध्ये होते, त्यांच्या विश्वस्तांना निर्णय घेऊन पैसे हलवायला आठवडा-दहा दिवस लागत. बाजार तेवढा थांबणार नव्हता.

२८ सप्टेंबरच्या सकाळी तीस वर्षांच्या गिल्टचा परतावा ५ टक्क्यांवर गेला.

घरकर्जाच्या बाजूला काय झालं? दर चढले, पण त्याआधी दरच नाहीसे झाले. उद्या निधी कितीला पडेल हे कळेना म्हणून बँकांनी योजना मागे घेतल्या. एका दिवसात ९३५ योजना बाजारातून गेल्या. दोन वर्षांच्या पक्क्या दराची सरासरी २३ सप्टेंबरला ४.७४ टक्के होती, २० ऑक्टोबरला ६.६५ टक्के झाली.

## समोरचे पर्याय

बँक ऑफ इंग्लंडसमोर खरं तर दोनच वाटा होत्या आणि दोन्ही वाईट. काहीच न करणं म्हणजे पेन्शन फंडांना घाईने विकू देणं आणि त्या पडझडीतून घरकर्जं, कंपन्यांची कर्जं, सगळंच अडकू देणं. गिल्ट विकत घेणं म्हणजे महागाईशी लढताना नोटा छापणं, शिवाय सरकारच्या उधळपट्टीला बँकेने पैसा पुरवला असा अर्थ निघणं. तिने मधली वाट काढली : खरेदी करायची, पण मुदत आधीच सांगून. २८ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, रोज ५ अब्जांपर्यंत, कमाल ६५ अब्ज पौंड.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि तो रकमेचा नसून तारखेचा आहे. बँकेला ती मुदत पेन्शन फंडांना द्यायची होती. पण १४ ऑक्टोबरपर्यंत बाजाराला पटेल असं काही सांगितलं नाही तर पुढे आधार नाही, हा निरोप सरकारलाही आपोआप पोचला. निवडून न आलेल्या संस्थेने निवडून आलेल्या सरकारला दिलेली ती अंतिम मुदतच ठरली, बँकेचा हेतू तसा असो वा नसो.

सरकारसमोरचे पर्याय जास्त होते. एक, ओबीआरचे अंदाज तातडीने जाहीर करणं. दोन, करकपातीचा काही भाग मागे घेणं. तीन, खर्चात कपात जाहीर करणं. पण कल्याणकारी लाभ महागाईइतके वाढवायचे की नाहीत यावरूनच पक्षात फूट होती, म्हणजे हा दरवाजा जवळपास बंद. चार, ठाम राहणं आणि बाजार शांत होईल अशी आशा धरणं.

जोडप्यासमोर चार वाटा होत्या. ६ टक्क्यांच्या आसपास दोन वर्षांचा दर बांधायचा. हप्ता सुमारे १,५४६ पौंड, म्हणजे महिन्याला ५२९ जास्त. किंवा काहीच न करता बँकेच्या बदलत्या प्रमाणित दरावर घसरायचं, जो सहसा महागच असतो. किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या दराशी जोडलेलं कर्ज घ्यायचं, ज्यातून केव्हाही दंडाशिवाय बाहेर पडता येतं. किंवा शिल्लक टाकून कर्जच कमी करायचं. पण त्या हिवाळ्यात विजेचं बिल, वाणसामान, सगळंच चढलेलं असताना हातातली रोकड संपवायला ते तयार नव्हते.

## काय केलं गेलं

सरकारने आधी ठाम राहून पाहिलं, मग ३ ऑक्टोबरला ४५ टक्क्यांच्या टप्प्यावर माघार घेतली. ही माघार राजकीयदृष्ट्या मोठी आणि पैशाने लहान होती : ४५ अब्जांपैकी दोनेक अब्ज. श्रीमंतांना सूट दिल्याचा राग त्याने थोडा निवला असेल, पण रोखे बाजाराचा प्रश्न न्यायाचा नव्हताच. त्याला बेरीज-वजाबाकी जुळलेली पाहायची होती आणि ती जुळली नव्हती.

बँकेच्या खरेदीने परतावा पहिल्याच दिवशी एक टक्क्याहून जास्त उतरला. नंतर तो पुन्हा चढू लागला. १० ऑक्टोबरला बँकेने रोजची मर्यादा १० अब्ज केली, दुसऱ्या दिवशी महागाईशी जोडलेले रोखेही घ्यायचं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी वॉशिंग्टनमध्ये फंडांना स्पष्ट बजावलं की तीन दिवस उरले आहेत. प्रत्यक्षात खरेदी १९.३ अब्जांवरच थांबली. तोपर्यंत बहुतेक फंडांनी रोकड उभी केली होती.

१४ ऑक्टोबर उजाडला. क्वार्टेंग नाणेनिधीच्या बैठका अर्धवट टाकून परतले आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. कंपनी कर ठरल्याप्रमाणे २५ टक्क्यांवर जाईल, असं ट्रस यांनी त्याच दुपारी जाहीर केलं. सोमवारी, १७ ऑक्टोबरला, नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी उरलेली जवळपास सगळी करकपात मागे घेतली आणि ऊर्जा बिलांचं दोन वर्षांचं आश्वासन एप्रिलपुरतं आखडलं. राहिल्या दोन गोष्टी : राष्ट्रीय विम्याची सूट आणि मुद्रांक शुल्काची सवलत. २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा दिला, २५ला ऋषी सुनक पंतप्रधान झाले.

मुद्रांक शुल्काची सवलत का राहिली? ती जाहीर झाली त्याच दिवसापासून लागू होती, लोकांनी तिच्या भरवशावर व्यवहार केले होते. पण तिचा हिशेब मांडून पाहिला तर चमत्कारिक चित्र दिसतं. सर्वसाधारण खरेदीदाराची बचत जास्तीत जास्त २,५०० पौंड. २,४०,००० पौंडांचं पंचवीस वर्षांचं नवं कर्ज ४.७४ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे १,३६७ पौंड, ६ टक्क्यांनी १,५४६. महिन्याला १७९ पौंडांचा फरक, म्हणजे सवलत चौदा महिन्यांत संपली. इथे मुद्दाम २ टक्क्यांच्या जुन्या दराशी तुलना केलेली नाही. २ ते ४.७४ पर्यंतचा चढ महागाईचा आणि जगभरच्या दरवाढीचा होता, तो ट्रस यांच्या माथी मारणं चूक. घर घेणाऱ्याला एका हाताने मदत करणाऱ्या त्याच कागदाने दुसऱ्या हाताने तिच्याहून जास्त काढून घेतलं, एवढं मात्र आकड्यांवरून म्हणता येतं.

जोडप्याने बँकेच्या दराशी जोडलेलं कर्ज निवडलं. घाबरलेल्या बाजारातला दर दोन वर्षं गळ्यात बांधून घ्यायचा नाही, हा विचार. पुढचे महिने झोप उडवणारे होते : मूळ दर नोव्हेंबरमध्ये ३ टक्के, डिसेंबरमध्ये ३.५, फेब्रुवारीत ४, मार्चमध्ये ४.२५. मात्र त्याच काळात पक्के दर उतरत होते, कारण गिल्ट शांत झाले होते. वसंतात त्यांनी ४.५ टक्क्यांच्या आसपास पाच वर्षांचा दर बांधला. हप्ता सुमारे १,३३४ पौंड. पूर्वीपेक्षा तीनशेवर जास्त, ऑक्टोबरच्या भीतीपेक्षा दोनशेवर कमी.

## परिणाम

राजकीय परिणाम झटपट दिसला. २९ सप्टेंबरच्या यूगव्ह या संस्थेच्या जनमत चाचणीत मजूर पक्ष ३३ गुणांनी पुढे गेला. अर्थकारण चांगलं सांभाळतो ही हुजूर पक्षाची जुनी ओळख होती. सप्टेंबर १९९२मध्ये पौंड युरोपीय विनिमय यंत्रणेतून बाहेर पडला तेव्हाही ती अशीच एका दिवसात गेली होती आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत परत आली नव्हती. २०२४मध्येही परतली नाही.

घरांच्या धोरणावरचा परिणाम हळू आणि जास्त खोल होता. १७ नोव्हेंबरच्या निवेदनात हंट यांनी सुमारे ५५ अब्ज पौंडांची करवाढ आणि खर्चकपात मांडली आणि मुद्रांक शुल्काच्या सवलतीला ३१ मार्च २०२५ ही शेवटची तारीख दिली. सामाजिक घरांचं, म्हणजे बाजाराहून कमी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचं, भाडं सूत्रानुसार ११ टक्क्यांहून जास्त वाढणार होतं, ते ७ टक्क्यांवर रोखलं. भाडेकरूंना दिलासा मिळाला, सरकारचा भाडे-साहाय्याचा खर्चही वाचला. पण ही घरं बांधून भाड्याने देणाऱ्या गृहसंस्थांचं उत्पन्न घटलं आणि त्याच वेळी त्यांचं कर्ज महाग झालं. नवी घरं कमी होण्याची ही सरळ वाट होती, आणि तिच्यावर चर्चा मात्र फार झाली नाही.

डिसेंबरमध्ये स्वपक्षीय खासदारांच्या बंडापुढे सरकारने वर्षाला ३,००,००० घरांच्या लक्ष्यातली स्थानिक प्रशासनांवरची सक्ती सोडली. आकडे केवळ मार्गदर्शक उरले. याचं थेट कारण रोखे बाजार नव्हता, शहरांभोवतीच्या, बांधकामावर निर्बंध असलेल्या हिरव्या पट्ट्यातल्या मतदारांची नाराजी होती. तरी सप्टेंबरपूर्वीच्या सरकारला हे बंड मोडता आलं असतं की नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पैसा नसलेल्या सरकारकडे घरांसाठी नियोजनाचे नियम एवढंच हत्यार उरतं, आणि बळ नसलेल्या सरकारला तेही उचलता येत नाही.

कर्जदारांची रांग संपली नव्हती. २०२३मध्ये १४ लाखांहून जास्त कुटुंबांची पक्की मुदत संपणार होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त २ टक्क्यांखालच्या दरावर होत्या. जुलै २०२३मध्ये दोन वर्षांच्या दराची सरासरी ६.८६ टक्क्यांवर गेली, म्हणजे ट्रस यांच्या काळातल्या शिखराहूनही वर, आणि तेव्हा कारण निव्वळ चिवट महागाई होती. त्याआधीच, जूनमध्ये, सरकारने बँकांकडून एक सनद मान्य करून घेतली : पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिने संमतीशिवाय घराचा ताबा नाही, आणि सहा महिने फक्त व्याज भरायची मुभा. सरकारी तिजोरीतून एक पौंडही न घालता करता येईल तेवढी मदत, असं या सनदेचं वर्णन करता येईल.

## वेगळं काय करता आलं असतं

ट्रस यांची बाजू अशी की दोष बँकेचा आणि एलडीआयचा होता, आपला नव्हे. त्यात तथ्य आहे. किमतींच्या घसरणीतला निदान निम्मा वाटा पेन्शन फंडांच्या सक्तीच्या विक्रीचा होता, असं बँकेच्याच अभ्यासकांनी नंतर मांडलं. आदल्याच दिवशी गिल्ट विकण्याचा निर्णय जाहीर करणं हेही वेळ साधून झालेलं काम नव्हतं. मार्च २०२३मध्ये बँकेच्या समितीने अशा फंडांनी परतावा किमान अडीच टक्क्यांनी वाढला तरी टिकेल एवढी ताकद राखावी, अशी शिफारस केली. ती आधी असती तर तो आठवडा बराच सौम्य गेला असता.

पण ठिणगी कुठून आली, याला त्याने उत्तर मिळत नाही. तीच करकपात ओबीआरच्या अंदाजांसह, दोन महिने थांबून, ऊर्जा बिलांच्या मदतीचा खर्च स्पष्ट झाल्यावर मांडली असती तर बाजाराने कदाचित कुरकुर करून पचवली असती. कंपनी कराचा निर्णय पहिल्याच आठवड्यात फिरवला असता आणि ४५ टक्क्यांचा टप्पा मागून, तर पैशाच्या हिशेबाने माघार जास्त प्रभावी ठरली असती. सरकारने आधी मतदाराला वाईट दिसणारी गोष्ट मागे घेतली, रोखे घेणाऱ्याला वाईट दिसणारी नाही. दोन प्रेक्षकांपैकी कोण घाईत आहे, हे ओळखायला अकरा दिवस गेले.

मुद्रांक शुल्काबाबत मला हंट यांचाही निर्णय पटत नाही. घरं तेवढीच, खरेदीची ताकद जास्त, म्हणजे सवलतीचा बराच भाग किमतीत जिरतो. शेवटची तारीख देऊन त्यांनी ती तात्पुरती केली खरी, पण अशा तारखेआधी खरेदीदारांची झुंबड उडते आणि नंतर बाजार ओसरतो, हे २०२१च्या सवलतीतही दिसलं होतं. तोच पैसा गृहसंस्थांकडे वळवता आला असता.

जोडप्याच्या बाबतीत चुकलेली संधी साधी होती. अनेक बँका मुदत संपण्याआधी सहा महिने नवा दर राखून ठेवू देतात आणि बाजार उतरला तर तो सोडूनही देता येतो. ऑगस्टमध्ये त्यांना ४ टक्क्यांच्या आसपास दर राखता आला असता. दर आणखी चढतील हे तेव्हाही सगळे सांगत होते. पण कागदपत्रं सुट्टीनंतर करू, असं ठरलं.

२०२४मध्ये आलेल्या मजूर सरकारने पहिल्या काही महिन्यांतच कायदा केला की मोठ्या करविषयक किंवा खर्चाच्या निर्णयांचं मूल्यमापन ओबीआरला बाजूला ठेवून टाळता येणार नाही. पाच वर्षांत १५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं, स्थानिक सक्ती परत आणली, आणि जून २०२५मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी दहा वर्षांत ३९ अब्ज पौंड जाहीर केले. मधल्या काळात, जानेवारी २०२५मध्ये, तीस वर्षांच्या गिल्टचा परतावा १९९८नंतरच्या उच्चांकावर गेला होता. म्हणजे सप्टेंबर २०२२मध्ये ज्या पातळीवर हाहाकार झाला, तिच्याही वर. या वेळी त्यापायी कोणता मंत्री गेला नाही आणि बँकेला रोखे घ्यावे लागले नाहीत. फंडांकडे रोकड होती आणि चढ काही दिवसांऐवजी काही महिन्यांत पसरला होता. घरांच्या मोठ्या घोषणेआधी गिल्टचा परतावा पाहायला हवा, हा धडा मात्र तेव्हाचाच.